मिशन मंडळीसोबत प्रीतिभोजन: पहिल्यांदाच जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

मुंबईतल्या बऱ्याच मराठी ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे चर्चच्या सभासदांचे समूह, एखाद्या नव्याने उभ्या राहिलेल्या लहान मंडळीला, म्हणजे मिशन मंडळीला, हातभार लावतात. कोणाची दिवा स्टेशनजवळ चाळीतल्या खोलीत भरते, कोणाची टिटवाळ्याच्या पुढे, कोणाची पालघरच्या पाड्यावर. दरमहा काही रक्कम जाते, वार्षिक सभेत अहवाल वाचला जातो, आणि तरी दोन्हीकडची माणसं एकमेकांना तोंडओळखीनेसुद्धा ओळखत नाहीत. एकत्र जेवायला बसलं की हे बदलतं. याच जेवणाला आम्ही प्रीतिभोजन म्हणतो. आमची मिशन मंडळी पालघर जिल्ह्यात आहे, डहाणू लोकलने जाऊन पुढे टमटम करावी लागते. वर्षातून काही वेळा ते आमच्याकडे जेवायला येतात, काही वेळा आम्ही त्यांच्याकडे जातो. ही व्यवस्था बघणाऱ्यांपैकी मी एक. महिला मंडळात किंवा तरुण संघात नवीन कोणी हे काम अंगावर घेतलं की तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: ताट विकायचं नाही. निधी जमवायला जेवणाची कुपनं काढली की ते प्रीतिभोजन राहत नाही, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय तेच दाराशी संकोचून उभे राहतात. निधी जमवा, जरूर जमवा, पण जेवणापासून वेगळा. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

१. आधी पाळकसाहेब आणि पंच कमिटी, मग बाकी सगळे

उत्साहाच्या भरात व्हॉट्सअॅप ग्रुपवर तारीख टाकू नका. पाळकसाहेबांशी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंशी, बोला, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत विषय ठेवा, ठराव लिहून घ्या. ठरावात तीन गोष्टी हव्यात: जेवण कोणासोबत, खर्च कोणत्या खात्यातून, आणि जबाबदार माणसं कोण. त्याच वेळी मिशन मंडळीच्या पाळकांना किंवा तिथल्या वडिलांना (मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना) फोन करा. 'आम्ही तुमच्यासाठी जेवण ठेवलंय' असं सांगू नका. 'आपण मिळून एक जेवण करूया का, तुम्हाला कधी जमेल,' असं विचारा. भात लावणीच्या दिवसांत, म्हणजे पाऊस स्थिरावल्यानंतरच्या आठवड्यांत, पाड्यावरचं कोणीही मुंबईला येणार नाही. हे आपल्याला इथे बसून सुचत नाही, त्यांनाच विचारावं लागतं.

२. प्रभुभोजन वेगळं, प्रीतिभोजन वेगळं

नवीन लोकांचा इथे फार गोंधळ होतो. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेणं, हा संस्कार आहे, तो पाळकांच्या हातून होतो, आणि कोणी घ्यायचा याचे प्रत्येक मंडळीचे नियम आहेत. प्रीतिभोजन हे साधं जेवण आहे. त्यात बाप्तिस्मा झालेला, न झालेला, शेजारचा, कॅथलिक मामा, नुकताच उपासनेला येऊ लागलेला मुलगा, सगळे बसतात. पहिल्या मंडळीत लोक घरोघरी भाकर मोडत आणि आनंदाने एकत्र जेवत, असं बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. यहूदाच्या पत्रात प्रीतिभोजन हा शब्दच येतो. पुढे ही प्रथा मागे पडली. जर्मनीत हेर्नहुट गावी मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १७२७ मध्ये ती पुन्हा सुरू केली, आणि त्याच लहानशा मंडळीतून पुढे दूरदूरच्या देशांत मिशनरी गेले. त्यांच्याकडून ती मेथॉडिस्ट पंथाच्या लोकांनी उचलली.

दोन्ही एकाच रविवारी असतील तर मध्ये स्पष्ट खंड ठेवा. आशीर्वाद होऊ द्या, लोकांना बाहेर येऊ द्या, मग जेवणाची प्रार्थना. बाहेरून आलेल्या माणसाला 'आता मला घ्यायचं की नाही' असा प्रश्न पडता कामा नये.

३. रविवार निवडताना

बहुतेक मंडळ्यांत पहिला रविवार प्रभुभोजनाचा असतो, त्या दिवशी उपासना लांबते. महिनाअखेरीला लोकांचे हात आखडलेले असतात. म्हणून दुसरा रविवार बरा: पगार झालेला असतो आणि उपासनाही वेळेत संपते.

मुंबईत याहून मोठी अडचण रेल्वेची. मध्य आणि हार्बर मार्गावर रविवारी मेगाब्लॉक, पश्चिमेला जम्बोब्लॉक. वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होतं, त्यामुळे शनिवारी ते बघून ग्रुपवर टाकण्याचं काम एका माणसाला नेमून द्या. पाहुणे डहाणूकडून येणार असतील तर परतीची गाडी आधी ठरवा आणि जेवणाची वेळ त्यावरून मागे मोजत या. विरारच्या पुढे लोकल मोजक्याच आहेत. एक चुकली की म्हाताऱ्या माणसांना फलाटावर ताटकळत बसावं लागतं. 'थोडं थांबा, अजून एक भजन होऊ दे' असा आग्रह अशा वेळी प्रेमाचा नसतो.

४. जागा

चर्चचा हॉल असेल तर प्रश्नच नाही. भाड्याचा हॉल किंवा शाळेचा वर्ग असेल तर तिथे अन्न शिजवायला परवानगी आहे की फक्त वाढायला, हे लेखी विचारून घ्या. पाण्याची वेळ विचारा. मुंबईत अनेक ठिकाणी नळाला ठरावीक वेळीच पाणी येतं, आणि भांडी घासायच्या वेळी टाकी रिकामी असली की सगळं अडतं. प्यायला वीस लिटरचे जार मागवा, माणशी एक लिटर धरा.

चाळीतल्या खोलीत किंवा सोसायटीत जेवण असेल तर शेजाऱ्यांना आदल्या आठवड्यात जाऊन सांगा. स्पीकर नको. शेजाऱ्यांनाही जेवायला बोलवा, पण नुसतं जेवायला. जेवताना कोणाला पत्रकं द्यायची नाहीत, उपासनेला येण्याची अट घालायची नाही. अन्नाचं आमिष दाखवतात असा आरोप आपल्यावर चटकन येतो. तो टाळण्यासाठी म्हणून नव्हे, मुळात भुकेल्याला अटीवर वाढणं हेच वाईट आहे म्हणून हा नियम कडक पाळा.

५. काय रांधायचं आणि किती

साठ माणसांचा अंदाज देते, त्यावरून वरखाली करा. चपातीही असेल तर तांदूळ माणशी शंभर ग्रॅम, म्हणजे सहा किलो. तूरडाळ अडीच किलो. हाडासकट चिकन नऊ किलो. चपात्या माणशी तीन, त्या घरी लाटत बसू नका, ओळखीच्या बचत गटाला ऑर्डर द्या. एक उसळ किंवा बटाट्याची भाजी सगळ्यांना पुरेल इतकी करा, फक्त शाकाहारींपुरती नको, कारण तीही सगळे घेतात. गोड हवं तर शिरा. दुधाची खीर उन्हाळ्यात नको.

मटण-भाकरीचा आग्रह आपल्याकडे असतोच. नगर-जालन्याकडून आलेल्या घरांना त्याशिवाय सणाचं जेवण वाटत नाही, आणि ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक समाजातली) सून असेल तर ती फुगे (तळलेले गोल पाव) आणि इंद्याल (बहुधा डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा) करायला हात शिवशिवतच येते. करा, पण पंगतीत कोण बसणार याचा विचार करून. मिशन मंडळीत नुकतेच विश्वासात आलेले लोक असतात. त्यांच्यात कोणी जन्माने शाकाहारी, कोणी डुकराचं मांस कधी न पाहिलेला. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की खाण्यावरून भावाला अडखळण करू नका. म्हणून सामाईक पातेल्यात चिकन किंवा मटण, आणि शाकाहारी पदार्थांना वेगळे टोप, वेगळे डाव. डाव एकमेकांत जाणार नाहीत हे बघायला एक माणूस तिथेच उभा ठेवा.

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत वाढून संपवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात सकाळी सातला केलेली डाळ दुपारी दोनला वाढणं धोक्याचं आहे. उशीर होणार असेल तर मंद आचेवर वाफ येत राहील अशी ठेवा. केटररला काम दिलंत तर बिलावर त्याचा चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचा) परवाना क्रमांक आहे का ते पाहा. आपणच नियमित मोठ्या प्रमाणावर अन्न वाटत असू तर नोंदणीचं विचारून घ्या. त्या नियमांत धार्मिक आणि सामाजिक कार्यक्रमांत होणाऱ्या अन्नवाटपाचाही उल्लेख आहे. घरगुती सिलिंडरवर एवढा स्वयंपाक करू नका. भांडीवाल्याकडे शेगडीसोबत एकोणीस किलोचा व्यावसायिक सिलिंडर मिळतो.

६. पंगत कशी बसवायची

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. करिंथच्या मंडळीवर पौल रागावला तो जेवणावरूनच. काही जण आधी येऊन पोटभर खात-पीत, उशिरा येणारे उपाशी राहत. ज्यांना कामावरून सुटल्याशिवाय येता येत नसे ते शेवटी पोहोचत असणार, असं वाचताना जाणवतं. पहिले करिंथकरांस पत्र, अकरावा अध्याय: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

मुंबईत हे उशिरा येणारे कोण? रात्रपाळी करून आलेला वॉचमन, रविवारीही तीन घरची कामं उरकून येणारी मावशी, ड्यूटी संपायची वाट बघणारी हॉस्पिटलातली सिस्टर. त्यांच्यासाठी काय करायचं? पहिली पंगत बसायच्या आधी त्यांचा वाटा बाजूला काढा. आमच्याकडे स्टीलचे झाकणाचे डबे आहेत. सकाळीच यादी होते, प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहितो, आणि चिकनच्या फोडी भरताना नुसता रस्सा आणि मानेची हाडं येणार नाहीत हे स्वयंपाक करणाऱ्या काकू स्वतः बघतात. 'उरलं तर ठेवू' असं कधीही म्हणू नका, कारण उरत नाही. आणि डबा हातात देऊन त्या माणसाला वाटेला लावू नका. त्याच्यासोबत बसायला दोन माणसं मागे थांबली पाहिजेत. हे आधी ठरवलेलं नसेल तर तोवर सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झालेली असते.

पहिल्या पंगतीला मुलं, म्हातारी माणसं आणि लांबून आलेले. आपल्या मंडळीचे वडील आणि कमिटीवाले शेवटच्या पंगतीला. पाहुण्यांची वेगळी रांग अजिबात नको. आपल्या पूर्वजांपैकी कितीजण ख्रिस्ती झाले तेव्हा घरच्या पंगतीतून उठवले गेले. कोणी कोणाशेजारी बसायचं यावर तेव्हा जात ठरत होती, आणि मंडळीच्या पंगतीत ती बंधनं पहिल्यांदा मोडली. त्या मंडळीची नातवंडं 'मुंबईवाले इकडे, गाववाले तिकडे' अशी बसली तर ते बरोबर नाही. एक आड एक बसवा. लोक आपापल्या ओळखीच्यांकडे सरकतात, म्हणून बसवायला एक गोड बोलणारा पण ठाम माणूस दारात उभा करा. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या त्याच रांगेच्या टोकाला ठेवा, कोपऱ्यात नको.

वाढपी दोन्ही मंडळ्यांचे घ्या. यरुशलेमेत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकुर झाली तेव्हा त्या कामासाठी सात माणसं निवडली गेली, आणि त्या सातांची नावं पाहिली तर ती ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याकडचीच माणसं वाढायला उभी राहिली. मिशन मंडळीच्या मुलाच्या हातात भाताची परात द्या, मग बघा तो इथे कसा वावरतो.

प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटांना महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. स्टीलची ताटं भाड्याने मिळतात, नाहीतर पानाच्या पत्रावळी घ्या. उष्टं ओल्या कचऱ्यात, पत्रावळी झटकून.

७. पैसे

जेवणाचा खर्च मिशनच्या खात्यातून करू नका. मिशनसाठी आलेल्या पैशांतून आपणच जेवलो, असं होतं ते. त्याऐवजी शिध्याची यादी लावा: तांदूळ दोन किलो, तेल एक लिटर, कांदे तीन किलो, गॅसचे पैसे, भांड्यांचं भाडं. ज्याला जे जमेल त्यापुढे त्याने नाव लिहावं. मिशन मंडळीलाही यादीत जागा ठेवा. ते काय आणणार हे त्यांनी ठरवावं. कोणी तांदूळ आणतील, कोणी परसातली केळी. 'तुम्ही काही आणू नका हं' असं म्हटलं की आपण त्यांना पाहुणे करून टाकतो, आणि पाहुणा पुन्हा यायला बिचकतो.

दानपेटी जेवणाच्या जागेत नको, पंगतीतून पाकीट तर मुळीच फिरवू नका. ती उपासनेच्या ठिकाणी दाराशी ठेवा. पाळकसाहेबांनी उपासनेत एकदा सांगितलं की पुरे. पैसे मोजताना दोन माणसं हवीत, एकाच घरातली नकोत. आकडा तिथेच वहीत, दोन सह्या. दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल दान पोहोचवायला एकटा जात नाही, सोबत माणसं घेतो, देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही सगळं चोख दिसावं म्हणून.

तीन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिलं, क्यूआर कोड. 'तोवर माझ्या नंबरवर पाठवा' असं कोषाध्यक्षांनीही म्हणू नये. कोड मंडळीच्या ट्रस्टच्या खात्याचाच हवा. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टचे हिशेब तपासले जातात, आणि वैयक्तिक खात्यातून फिरलेला पैसा तिथे समजावून सांगता येत नाही. दुसरं, परदेशातले नातेवाईक. परदेशी नागरिकत्व घेतलेला भाचा सुट्टीला आला आणि प्रेमाने पाकीट देऊ लागला तर थांबवा. तो मुळचा आपला असला तरी कायद्याने ते परदेशी योगदान ठरतं, आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसेल तर ट्रस्टला ते घेता येत नाही. भारतीय नागरिक कामासाठी दुबईत असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल तर गोष्ट वेगळी. तिसरं, न विचारता वस्तू देणं. मिशन मंडळीला काय हवंय हे त्यांच्याकडून लेखी घ्या. आपण इथे जुन्या साड्यांचे गठ्ठे बांधत असतो आणि त्यांना पावसाआधी ताडपत्री, बसायला सतरंज्या, ढोलकीचं पान बदलणं किंवा पाळकांचा एसटीचा खर्च हवा असतो.

८. त्यांच्याकडे जेवायला जाताना

प्रीतिभोजन दर वेळी मुंबईतच झालं तर देणारे आणि घेणारे ठरून जातात. म्हणून आलटून पालटून जा. जाताना इथून बिर्याणीचे टोप नेऊ नका. ते रांधतील ते जेवा. शिध्याचा वाटा आधीच पोहोचवा, म्हणजे पन्नास माणसांचा भार त्यांच्यावर पडणार नाही, पण चूल त्यांची, चव त्यांची.

तिथे तांदळाची भाकरी, उडदाची आमटी, सुक्या मासळीची चटणी असते. जूनमध्ये गेलात तर शेवळं मिळतील. ही रानभाजी घशाला खाजते, म्हणून तिच्यात काकडं नावाची आंबट फळं घालतात. पाड्यावरच्या एका आजीने आमच्या तरुण संघाच्या मुलींना समोर बसवून शेवळं सोलायला शिकवलं: वरचं जांभळट पान काढायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग टाकायचा, आणि हाताला आधी चिंच चोळायची. त्या दिवशी उपासनेनंतरचा सगळा वेळ त्या मुली तिच्याभोवतीच होत्या. मिशनचा अहवाल वाचून आपल्या मुलांना जे कळत नाही ते असं कळतं.

ताटात काही ओळखीचं नसेल तर थोडं घ्या, पण घ्या. जेवणाऱ्या मुलांचे फोटो काढून निधीच्या आवाहनाला लावू नका. फोटो हवाच असेल तर सगळे मिळून उभे राहा आणि आधी विचारा. आपणही कोणाची तरी मिशन मंडळी होतो. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हापासून कितीतरी वर्षं आपल्या शाळा आणि चर्च दुसऱ्यांच्या दानावर चालली. त्या देणाऱ्यांनी आपल्याबद्दल जसं बोलायला हवं होतं असं आज वाटतं, तसं आपण यांच्याबद्दल बोलूया.

९. हाताशी काय हवं

कागद: कमिटीचा ठराव, जागेची लेखी परवानगी किंवा पावती, मिशन मंडळीचं गरजांचं पत्र, शिध्याची यादी, पावतीपुस्तक, हिशेबाची वही, केटरर असेल तर परवाना क्रमांकासह बिल, भांडीवाल्याची नग मोजून लिहिलेली चिठ्ठी. ही चिठ्ठी परत देताना समोर ठेवूनच मोजा, चमचे हमखास कमी भरतात.

सामान: झाकणाचे टोप, परात, डाव आणि झारे शाकाहारीसाठी वेगळे, नावाच्या चिकटपट्ट्या आणि डबे, सतरंज्या, पाण्याचे जार, हात धुवायला साबण, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या वेगळ्या पिशव्या, प्रथमोपचाराची पेटी. भाजण्यावरचं मलम स्वयंपाकाच्या जागीच ठेवा.

१०. नंतरच्या आठवड्यात

सोमवारी मिशन मंडळीच्या वडिलांना फोन करा, सगळे नीट पोहोचले का विचारा. बुधवारपर्यंत हिशेब लिहून नोटीस बोर्डावर लावा: शिधा कोणाचा, भाडं किती, दानपेटीत किती आलं, त्यातलं किती कधी पाठवलं. मिशन मंडळीलाही त्याची प्रत पाठवा, त्यांच्या नावाने जमलेला पैसा किती हे त्यांना आपल्याकडूनच कळायला हवं. पुढच्या रविवारी दोन्हीकडच्या वाढप्यांना एकत्र फोनवर घेऊन विचारा: काय कमी पडलं, कोण उपाशी राहिलं, कोण आलंच नाही आणि का. न आलेल्यांची नावं पुढच्या डब्यांच्या यादीत सगळ्यात वर लिहा.